तिसऱ्या बेसवरचा हात

"पण सर, पडलेल्या पोरीला हात देणं हा गुन्हा आहे का?"

प्रणिता चप्पल काढायच्या आधीच बोलली.

निंभोरकर सर अंगणात बाजेवर बसून संत्रं सोलत होते. अमरावतीच्या दोन पिढ्यांना त्यांनी सॉफ्टबॉल शिकवलेला, प्रणितालाही. ते एवढंच म्हणाले, "आधी बस."

प्रणिता कॉलेजच्या मुलींच्या संघाची असिस्टंट कोच. दहा-अकरा वर्षं झाली, असिस्टंटच. भर उन्हात सराव घ्यायचा हिनं, पोरींचे रुसवे काढायचे हिनं, आणि हार मात्र हेड कोचच्या गळ्यात! आता ते रिटायर होणार होते. फायनल जिंकलात तर ती खुर्ची तुमची, असं प्राचार्य हिला म्हणाले होते.

फायनलची शेवटची इनिंग. बरोबरीला एक रन हवा, आणि आणखी एक आऊट झाली की खेळ खलास. आचल नावाची पोरगी जीव तोडून पळत आली, तिसऱ्या बेसला वळली आणि धाडकन पडली. तिथं कोचच्या जागेवर उभी कोण? तर प्रणिता. तिनं आचलचा दंड धरला, ओढला, होमकडं, म्हणजे जिथं रन पुरा होतो तिकडं, ढकललं. पोरगी पोचलीसुद्धा.

पण पळणाऱ्या खेळाडूला कोचनं हात लावून मदत केली, की खेळाडू आऊट. दरवर्षी नव्या पोरींना हा नियम घोकून घोकून शिकवतं कोण? हीच बाई! आता काय बोलावं.

मॅच गेली. खुर्चीही गेली.

"नियम पाठ होता ना?" सरांनी विचारलं.

"होता, सर. पण राहवलं नाही. माझ्या लेकीसारखी आहे ती. माया आडवी आली."

"माया..."

"प्राचार्यांना सांगून टाकलं, सोमवारपासून येत नाही. ज्या खेळात माया आऊट होते, तो खेळच नको मला."

वाक्य झकास होतं. येताना रिक्षातच जुळवलेलं असावं.

सरांनी हातातलं संत्रं मांडीवर ठेवलं आणि उजवा हात पुढं केला.

"मी आचल. पडलो. धर."

"सर, काहीतरीच काय..."

"धर म्हणतो ना! तेव्हा धरला होतास तसा."

प्रणितानं दंड धरला आणि ओढला. सर बाजेवरून पुढं कलंडले. संत्रं मातीत गडगडत गेलं.

"अवं, काय करता हे? कंबर मोडून घेता का आता?" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

सरांनी हात सोडवून घेतला नाही.

"पडलेल्याला वर उचलतात, पोरी. तू पुढं काऊन ओढतेस?"

...

प्रणिता आपल्याच हाताकडं बघत राहिली. बोटं अजून आवळलेली होती.

"लागलं होतं का तिला?"

"गुडघा सोलवटला होता. चांगलाच." ती अडखळली. "मी... मी पाहिलंच नाही, सर. मागून पोरींनी सांगितलं."

तिनं सरांचा दंड सोडला.

"मी तिला उचललंच नाही, सर. मी माझी खुर्ची ओढत होते."

मग मात्र तिला हुंदका आवरला नाही. सरांनी तिला रडू दिलं. बिचारी खोटं बोलली नव्हती, माया होतीच. पण त्या क्षणी ती माया मागं राहिली होती.

काकू पाण्याचा तांब्या ठेवून, काही न विचारता आत गेल्या.

"ती पोरगी काय म्हणते?"

"माझ्यामुळंच मॅडमचं पद गेलं, म्हणते. होस्टेलच्या खोलीतून बाहेर येत नाही. धड जेवतही नाही." प्रणितानं पदरानं डोळे पुसले. "आता कुठल्या तोंडानं जाऊ मी तिच्यासमोर?"

...

"मॅच संपली ना?"

"संपली, सर."

"अंपायर आपल्या घरी गेला?"

"गेला."

"मग जा की. आता हात धरला तं कोणी आऊट देत नाही."