राजाचा तारा आणि भिवराचं टिंब

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, हातात भाकरी घेऊन सांगतो! काकडगाव संस्थानात, तोफा-पालख्यांच्या काळात, राजवाड्यात एक संगणक होता. आता तोफांच्या काळात संगणक कुठून आला, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, नसणारच. पण होता!

भुजंगराव महाराजांना त्या यंत्रावरची एकच कळ आवडायची. ताऱ्याची. फाइलच्या नावात तारा ठोकला की त्याच्या जागी काहीही चालतं, हे कळलं आणि महाराज वेडेच झाले. ‘मिशी’ लिहून पुढं तारा दिला की मिशी सकाळची, मिशी दसऱ्याची, मिशी लोणी लावलेली, सगळ्या तसबिरी एका दमात हजर! मग राज्यकारभारही ताऱ्यावर चालू लागला. एकदा मुदपाकखान्यात हुकूम गेला, “आज ‘पो’, पुढं तारा!” ताटात पोळी आली, पोहे आले आणि शेजारी रिकामं पोतंही आलं. आचाऱ्याचं काय चुकलं?

अशात एके दिवशी यंत्र भरलं. मिशीच्या नव्या तसबिरींना जागाच उरेना.

“ती ओव्यांची कोठी पुसून टाका!” महाराज गरजले.

दारात फडकं पिळणाऱ्या भिवराचे हात थांबले. भिवरा वाड्यावर केरवारे करायची. थोरल्या आईसाहेबांनी कधीकाळी वाड्यात दळणाऱ्या बायकांच्या ओव्या यंत्रातल्या एका कोठीत, म्हणजे फोल्डरात, भरून ठेवल्या होत्या. त्यात भिवराच्या आईचा आवाज होता. आई तर गेली. आवाज तेवढा त्या कोठीत उरला होता.

रडून उपयोग नव्हता. महाराजांना रडणं ऐकू यायचं नाही, डिवचलेलं मात्र लगेच ऐकू यायचं.

“नाव घेऊन पुसण्यात कसली आलीय मर्दुमकी, सरकार?” भिवरा म्हणाली. “तुमच्या ताऱ्यानं ती पुसली जायची नाही!”

“काय म्हणालीस?” महाराज खुर्चीतून उठले. “माझ्या ताऱ्यातून मुंगी सुटत नाही!”

“आणि कोठी सुटली तर?”

“तर मागशील ते देईन! नाही सुटली, तर जन्मभर माझ्या मिशीला लोणी चोपडत बसायचं!”

“कबूल. फक्त कोठीचं नाव मला बदलू द्या.”

“शंभरदा बदल! हलवायची नाही, कुलूप लावायचं नाही, माझा हात धरायचा नाही. नाव ठेव इंद्राचं, नाहीतर चंद्राचं. तारा सगळं गिळतो!”

संगणकनवीस त्र्यंबकपंत चाचरत पुढं झाले. “सरकार, नुसता तारा दिलात तर आपल्याच त्या…”

“गप बसा, पंत!”

भिवरानं हात पदराला पुसला. डाव चुकला तर आईचा आवाज कायमचा जाणार होता. लादी पुसता पुसता चोरून पाहिलेली एकच गोष्ट, तिच्यावर सगळा भरवसा. तिनं कोठीच्या नावाआधी एक कळ दाबली आणि मागं सरली. पंतांचा चेहरा का कोण जाणे, पिठासारखा पांढरा पडला.

“झालं बारसं?” महाराज हसले.

“नाव तेच ठेवलंय, सरकार. थोडं नटवलंय.”

महाराजांनी बोट हवेत फिरवलं आणि पुसण्याचा हुकूम सोडला. पुढं नुसता तारा! यंत्र घरघरलं, थांबलं. काय उरलंय ते बघायला महाराजांनी पुन्हा तारा दिला. पडदा कोरा!

महाराजांनी टाळी वाजवली.

“आणा रे लोण्याचं गाडगं!”

“थांबा, सरकार,” भिवरा कशीबशी बोलली. “आता ताऱ्याच्या आधी एक टिंब देऊन बघा.”

“टिंबानं काय होतंय?” म्हणत महाराजांनी टिंब दिलं, पुढं तारा दिला. आणि पडद्यावर ओव्यांची कोठी जशीच्या तशी उभी! भिवरानं ती उघडली. जात्याची घरघर आली, मागोमाग आईचा आवाज आला:

दळण उरलं बाई, उजाडलं अंगणात,
हळू फिर जात्या, माझी लेक झोपली घरात…

भिवरा फडक्यातच तोंड लपवून हसली की रडली, ते फडक्यालाच ठाऊक.

“हे सुटलं कसं?” महाराज ओरडले.

“नावाआधीचं टिंब म्हणजे टिकली, सरकार. टिकली लावून दाराआड उभ्या राहिलेल्या बाईकडं परका पुरुष बघत नाही. तुमचा ताराही बघत नाही. यंत्राला रीत कळते!”

“आणि तुला हे कुणी शिकवलं?”

“पंतांनी. त्यांना न सांगता शिकले!”

महाराजांनी पडदा पुन्हा पाहिला. ओव्यांच्या शेजारी आणखी एक टिंबवाली कोठी होती: ‘पंतांची कवनं’. पंत देव आठवू लागले. महाराजांनी ती उघडून मोठ्यानं वाचलं:

“आधी येते मिशी, मागून येती सरकार,
वाटेत भेटता मांजर, दोघेही पसार!”

महाराज लाल झाले. “पंत! ही मिशी तुम्ही… अरे, पण माझ्या मिश्यांच्या तसबिरी कुठं आहेत?”

“गेल्या, सरकार,” भिवरा म्हणाली. “त्यांनी कुठं टिकली लावली होती?”

मग महाराजांच्या पोटातून असं हसू फुटलं की पालखीचे भोई धावत आले, त्यांना वाटलं तोफ उडाली! “टिकली! मिशीला टिकली!” डोळे पुसत महाराज म्हणाले, “माग, पोरी, माग!”

“ते यंत्र जात्याशेजारी ठेवा. आम्ही बायका रोज त्यात नवी ओवी भरू.”

यंत्र जात्याशेजारी गेलं, वर भिवराच्या हाती सोन्याच्या पाटल्याही आल्या. पंतांना शिक्षा झाली: रोज मिशीवर एक नवं कवन, तेही महाराजांच्या तोंडावर म्हणायचं!

सगळं अक्षरशः खरं. एक मिशी तेवढी मी पदरची लावली. महाराज सफाचट होते. मग तसबिरी कशाच्या होत्या म्हणता? ते मलाही कोडंच आहे.