हेडसरांची उडी

फार फार पूर्वी एका तळ्यात बेडूकमाशांची शाळा भरायची. नवे हेडसर डुंबरे बेडूक लई उत्साही. कुठल्या वर्गात कुजबुज झाली की धप्पकन उडी! दरवेळी गाळ उठायचा आणि फळा दिसेनासा व्हायचा.

एकदा त्या गढूळ पाण्यात छोटा शेपट्या हरवला. हेडसर घाबरून आणखीच उड्या मारायला लागले.

"सर, जरा गप बसा की!" गोगलगायबाई ओरडल्या.

हेडसर कमळाच्या पानावर बसले. पाय नुसते शिवशिवत होते. हळूहळू गाळ खाली बसला, सोनेरी ऊन तळापर्यंत झिरपलं आणि शेवाळात अडकलेला शेपट्या दिसला. पाणी न हलवता अलगद उतरून हेडसरांनी त्याला सोडवलं.

"सर, आज पहिल्यांदा तुमचं तोंड दिसलं," शेपट्या म्हणाला. "एरवी नुसत्या तंगड्याच दिसायच्या."