ऐनाच्या रानातली अळी

पूर्वी चंपानगरीत राजा धनसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व राज्याच्या टोकाला, ऐनाच्या रानातल्या एका वस्तीचा मुखिया होता. वस्ती रेशमाच्या कोशांवर जगे. कोश देऊन वर्षाचे धान्य घ्यावे, अशी तिथली रीत.

त्याची भाची सुव्रता दूर उत्तरेला रेशीमविद्या शिकून परतली. घरोघरी स्वच्छ परड्यांत निजलेल्या अळ्या दिसतील, असे तिला वाटले होते. इथे अळ्या उघड्या झाडांवर होत्या आणि कावळे त्यांना टिपत होते. ती कळवळली.

"मामा, यांना छपराखाली आणू. एकही मरणार नाही."

बोधिसत्त्वाने निम्म्या अळ्या नेऊ दिल्या. पण त्या परडीत राहीनात. खुडलेला पाला सोडून भिंतींवर चढू लागल्या, सुकू लागल्या.

"सुव्रताबाई, पाहुणे जेवत नाहीत वाटतं? गाद्या घाला!" शेजारचा गोपक म्हणाला. मग चिडून बोधिसत्त्वाकडे वळला. "हिला परत पाठवा, नाहीतर आम्ही मुखिया बदलतो."

"परवानगी मी दिली. मुखिया खुशाल बदला," बोधिसत्त्व म्हणाला. "आधी अळ्यांचं बघू. सुव्रता, तू शिकलीस ती अळी आणि ही, दोघी शेजारी ठेवून पाहिल्यास का?"

"नाही, मामा."

उत्तरेहून आणलेली एक पांढरी अळी तिने अंगणातल्या ऐनाच्या फांदीवर ठेवली, शेजारी रानातली हिरवी. वारा आला. पांढरी खाली पडली आणि पडली तिथेच थांबली. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने भरवलेली ती, फांदी धरणे विसरली होती. हिरवीने फांदी घट्ट धरली, पानावरचा पाण्याचा थेंब प्याली आणि खाऊ लागली.

सुव्रता संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही.

"दया केली, मामा; पण कुणावर करते आहे, ते पाहिलंच नाही. आता कावळ्यांचं काय?"

"कावळे आहेतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवले. उरलेल्या अळ्या तिने स्वतः झाडांवर सोडल्या, आणि कोश होईपर्यंत कावळे हाकलायला ऐनाखालीच राहायचे म्हणून गोपकाकडे गोफण मागितली. त्याने ती काढून दिली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा गोपक म्हणजे आज नव्या भिक्खुणीला हसणारा तुमच्यातलाच एक भिक्खू. सुव्रता म्हणजे ती भिक्खुणी. मुखिया मीच होतो. ज्याच्यावर करुणा करायची त्याला आधी नीट पाहणे, ही प्रज्ञा होय."