घुबडाचं डोकं, वाकळीचं अंग

“मग चित्राखाली पहिलं नाव कुणाचं घालायचं, मास्तर?”

विचारणारा यशोधन. पुण्याला दोन वर्षं चित्रकला शिकून आलेला, त्यामुळे उत्तर त्याला ठाऊकच होतं: त्याचं स्वतःचं. दस्तगीर मास्तर मिरजेत चाळीस वर्षं शिकवत होते. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

त्यांच्या वर्गात दर शनिवारी एक खेळ चाले. एकानं कागदावर डोकं काढायचं, ते झाकेल अशी घडी घालायची, मानेच्या दोन रेघा तेवढ्या खाली सोडायच्या. दुसऱ्यानं वरचं न बघता अंग काढायचं. मग कागद उघडला की जगात नसलेला प्राणी निघे. कधी बकरीला चाकं, कधी वकिलाला शेपूट.

या शनिवारी वर्गातल्या मालननं घुबडाचं डोकं काढलं होतं, डोळे मात्र म्हाताऱ्या बाईचे. यशोधननं खाली वाकळ पांघरलेलं अंग काढलं, तिच्याखालून डोकावणारे दोन पंजे. सगळा वर्ग कागदाभोवती गोळा झाला होता. चित्र प्रदर्शनाला जाणार हे तिथंच ठरलं.

“इतकं जुळलं कसं रे?”

“अंदाज, मास्तर. हात बसलाय.”

मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. घडीच्या रेघा दोन होत्या, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या.

“एकदा उघडलेला कागद पुन्हा त्याच रेघेवर बसत नाही,” ते म्हणाले.

यशोधनचे कान तापले.

“मालन काय म्हणाली तुला?”



वर्गात कुणाशी न बोलणारी मालन त्या दिवशी फाटकापाशी थांबली होती. म्हणाली होती, “न बघता तुम्हाला कळलं. माझं असं कुणाला कधी कळलं नव्हतं.” आणि हा शहाणा म्हणाला होता, “होतं असं कधी कधी.”

ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“लाज वाटते, मास्तर... फाडून टाकतो हे.”

“त्या प्राण्यानं तुझं काय वाकडं केलंय?”

“मग मी करू काय?”

मास्तरांनी कोरा कागद पुढं सरकवला.

“डोकं काढ. खालचं मालन काढील.”

यशोधननं बराच वेळ लावून डोकं काढलं. घडी घातली. नखानं दाबली, पुन्हा दाबली, वरून मूठ फिरवली.

“इतकी नको दाबूस,” मास्तर म्हणाले. “ती बघणार नाही.”