अकरा उपाशी उठला

"आणि अकरा कुठं जेवला?" भैरवबुवांनी विचारलं.

त्र्यंबकला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नाही. त्यानं आवाज चढवला.

"एकपासून पंधरापर्यंतचे सगळे अंक एकमेकांनी गुणले, बुवा. तोंडी. उत्तर, एक महापद्म, तीन निखर्व, सात अब्ज, चौसष्ट कोटी, त्र्याहत्तर लाख, अडुसष्ट हजार."

धूळपाटीवर आकडा ऐटीत बसला होता: १३०७६४७३६८०००.

त्र्यंबक गुणाकाराला बसला की मठाच्या पिंपळावरचे कावळे गप्प व्हायचे. तो हातचा विसरेल म्हणून नव्हे. त्यांनाही उत्तर ऐकायचं असायचं.

आज त्याला बुवांचा होकार हवा होता. नदीपलीकडं त्याची स्वतःची पाठशाळा उभी राहिली होती. दारावरच्या शिळेत हा आकडा आणि त्याखाली त्याचं नाव खोदायचं होतं. पाथरवट छिन्नी घेऊन मठाच्या पायरीवर येऊन बसलाही होता.

"पंधरा पाहुणे पंगतीला बोलावलेस," बुवा म्हणाले. "मग ज्यानं त्यानं या आकड्याला भागावं आणि मागं काही उरू नये. एकाआड एक आकडे मिळव."

त्र्यंबकनं मिळवले. "एकीकडं वीस. दुसरीकडं पंचवीस."

"फरक पाचाचा. शून्य नाही, अकराही नाही. म्हणजे अकराचा भाग जात नाही. उपाशी उठला बिचारा."

"पण ताळा बघा की, बुवा. सगळे आकडे मिळवले तर पंचेचाळीस. चार आणि पाच नऊ. नवाचा ताळा चोख जमतो. ताळा कधी खोटं बोलतो का?"

"छे. कधीच नाही."

बुवा उठले...

त्यांनी त्र्यंबकला दंडाला धरून आपल्या आसनावर बसवलं. अंगावरची शाल त्याच्या खांद्यावर टाकली. आणि स्वतः खाली, त्याच्या जागेवर, मांडी घालून बसले.

"या खोलीत गुरू किती?"

"एक."

"शिष्य?"

"...एक."

"मिळून?"

"दोन."

"मघाशी किती होते?"

"दोनच."

"ताळा?"

"...जमतो."

पिंपळावर एक कावळा ओरडला.

त्र्यंबक पाटीकडं बघत राहिला. "सदुसष्ट कोटी..." तो पुटपुटला, "त्रेचाळीस लाख..." मधले चार आणि सात एकमेकांच्या जागेवर खुशाल बसले होते.

शाल त्याच्या खांद्यावर जड व्हायला लागली. त्यानं उठायला पाहिलं. बुवांनी खालूनच हात जोडले. तो परत बसला.

तेवढ्यात पाथरवटानं दारातून डोकं आत घातलं. "बुवा, ऊन चढायला लागलं. घेऊ का खोदायला?"

बुवांनी मानही वळवली नाही.

"मला कशाला विचारतोस, बाबा? गुरुजी वर बसलेत. वाटलं तर ताळा करून बघ."