एका घमेल्याचं पाणी

फार मागे, द्वारकाकाकूंच्या वीतभर परसात ठिपकी कोंबडी आणि धवळी बदक एकाच खुराड्यात राहत. दोघींना पाण्याचं एकच घमेलं होतं, तेही खुराड्याच्या तोंडाशी, कारण मागच्या दारातून काकूंना तेवढंच हाताशी यायचं.

धवळी त्यात मान बुडवून पंख झाडायची आणि खुराड्यातला भुसा भिजायचा. ठिपकीची पिल्लं त्या ओलीत काकडायची. एका सकाळी त्यांतलं एक उठलंच नाही.

"बाई, तुझी अंघोळ माझ्या लेकरांच्या जिवावर उठलीय," ठिपकी म्हणाली.

तेव्हापासून धवळी घोटभर पाणी प्यायची आणि बाजूला व्हायची. भुसा वाळला, पिल्लं हुंदडू लागली. पण हळूहळू धवळीचे डोळे चिपडांनी चिकटले. ती भिंतीला धडकत चालू लागली.

"अगं, हे काय झालं?"

"मान बुडवल्याशिवाय आमचे डोळे धुतले जात नाहीत. तेव्हाच सांगणार होते, पण तुझं पिल्लू गेलं होतं."

ठिपकीने तिला ढकलत घमेल्यापाशी नेलं. "धू," ती म्हणाली.

धवळीने मान बुडवली नाही. ठिपकीनेही पुन्हा म्हटलं नाही.

दोघी तशाच एकमेकींना टेकून बसल्या. तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या. कुंपणापलीकडच्या शेजारणीला म्हणाल्या, "बघा, कशा गुण्यागोविंदाने नांदतात. आणखी एक बदक आणीन म्हणते."

आणि त्यांनी घमेलं काठोकाठ भरून होतं तिथेच ठेवलं.