करपलेली नानकटाई

फार पूर्वी, खारींमध्ये भाऊबीज नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. शेवंता खारीने तीन भावांसाठी सुंठ-वेलचीची खुसखुशीत, सोनेरी नानकटाई भाजली. भावांनी डबा चाटूनपुसून संपवला आणि मग उदार मनाने मत दिलं, "छान आहे गं ताई, पण आईच्या हातची चव नाही."

पुढच्या वर्षी शेवंताने मुद्दाम अख्खा घाणा करपवला. काळी नानकटाई चावताच तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हीच! अगदी आईची! काय करतेस गं यात?"

"काही नाही," शेवंता म्हणाली. "भट्टीत ठेवते आणि उठून जाते. आईही जायची, तुमची मारामारी सोडवायला."

तिघं गहिवरले, आणि डब्यातल्या शेवटच्या नानकटाईसाठी एकमेकांच्या शेपट्या ओढू लागले.